सलगम उपटले, वाटणीचे काय?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोव्हिएत प्रकाशनगृहांनी मराठीत काढलेली बालपुस्तके एके काळी महाराष्ट्रातील चळवळीच्या घरांत सहज आढळत. मॉस्कोचे ‘प्रगती’ आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळे झालेले ‘रादुगा’ यांची ही पुस्तके. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली. लोकवाङ्मय गृहाने ती वाचकांपर्यंत पोचविली. चित्रे देखणी आणि किंमत अत्यल्प. ती हाताळलेली मुले आज आजी-आजोबा होत आहेत. नातवंडांसाठी ती पुन्हा उघडताना त्यांतील काय टिकले आणि काय जीर्ण झाले, हे पारखून घेणे अगत्याचे आहे.

रशियन चित्रपुस्तकांत पुनःपुन्हा येणारी सलगमाची लोककथा घ्या. आजोबांनी लावलेले सलगम एवढे प्रचंड वाढते की ते एकट्याने उपटत नाही. मग आजी येते, नात येते, कुत्रा आणि मांजर येते; अखेरीस इवल्याशा उंदराचा हातभार लागतो आणि सलगम निघते. एकजुटीचा याहून सोपा धडा शोधूनही सापडणार नाही. सर्वांत दुर्बळाच्या बळावाचून काम अडते, हे सत्य आजही अबाधित आहे.

परंतु सलगम निघताच गोष्ट संपते. ते शिजविले कोणी? उंदराच्या वाट्याला काय आले? उत्पादन झाले, वाटप मात्र पानाबाहेर राहिले. अर्थशास्त्राचा खरा वाद जेथे सुरू होतो, तेथेच पुस्तक मिटते.

सोलापूरच्या विडी कामगार वस्तीतील मुलीला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. आईच्या हाताला हात लावणे हा तिचा खेळ नव्हे. हजाराच्या हिशेबाने मजुरी ठरते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम वाया जातात, हे ती डोळ्यांनी पाहते. एकत्र ओढणे तिला ठाऊक आहे. वाटणी कोण ठरवितो, हे तिला ठाऊक करून घ्यायचे आहे. ती ज्यात स्वतःला ओळखेल असे पान त्या जुन्या पुस्तकांत नाही. त्याचा दोष मॉस्कोच्या चित्रकारांकडे जात नाही. सोलापूरची पाने सोलापूरकरांनीच लिहावयाची होती.

येथे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. त्या पुस्तकांची स्वस्ताई परक्या तिजोरीच्या आधारावर उभी होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला. आयते मिळत होते तोवर आपली चित्रे, आपला छापखाना आणि आपली वितरणव्यवस्था पुरेशा प्रमाणात उभारण्याची निकड चळवळीला भासली नाही. दुसऱ्याच्या अनुदानावरील संस्कृती अनुदानाबरोबरच संपते.

या शहरातील घरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. चित्राला मात्र घरची भाषा अडवीत नाही. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या बापाचे आणि विड्या वळणाऱ्या आईचे चित्र काढून त्याखाली चारही भाषांत चार ओळी लिहिणे कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. वस्तीतील अभ्यासिकेत एवढे पहिले पुस्तक तयार व्हावे.

जुनी पुस्तके फेकू नयेत. ती प्रेमाने वाचून दाखवावीत. फक्त शेवटचे पान मिटण्यापूर्वी मुलांना विचारावे: सलगम कोणाकोणाला मिळाले?