चिंतामणराव देशमुख : मंत्रिपद आणि मतदारसंघ

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाडहून रायगडाच्या वाटेस लागले की नाते हे गाव येते. याच गावी 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील रोह्यास वकिली करीत. 1912 साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, आणि 1918 साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक, ही यशाची नामावली आपल्या घराघरांतून मुलांस ऐकविली जाते. तिची पुनरुक्ती करण्याचा आमचा हेतू नाही. हुशार मुलगा मोठ्या पदास चढला, एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. त्या पदावर बसून त्याने काय केले आणि ते पद त्याने का सोडले, याचा विचार आज करावा असे आम्हांस वाटते.

चिंतामणराव 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. 1944 साली ब्रेटनवुड्स येथे भरलेल्या जागतिक अर्थपरिषदेस ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. 1 जून 1950 रोजी त्यांनी केंद्रात अर्थखाते हाती घेतले, आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. ज्यास आज आपण रायगड जिल्हा म्हणतो, तो 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणूनच ओळखला जात होता.

त्यांच्या कारकीर्दीतील कायद्यांची यादी लहान नाही. पहिली पंचवार्षिक योजना 1951 साली सुरू झाली. 1953 साली मृत्युपश्चात संपत्तीवर कर बसविणारा कायदा झाला. 1956 साली कंपन्यांचा नवा कायदा अमलात आला. परंतु खेड्यातील माणसाच्या दृष्टीने दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करविली. तिचा निष्कर्ष 1954 साली बाहेर आला तेव्हा दिसले, की 1951-52 मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या दर 100 रुपये कर्जापैकी जेमतेम 3 रुपये सहकारी संस्थांकडून येत होते, आणि सुमारे 70 रुपये सावकारांकडून. व्यापारी बँकांचा वाटा 1 रुपयाहूनही कमी होता. या पाहणीतूनच इंपीरियल बँकेचे 1 जुलै 1955 रोजी स्टेट बँकेत रूपांतर झाले, आणि पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. दुसरी गोष्ट आयुर्विम्याची. 19 जानेवारी 1956 रोजी वटहुकूम काढून सरकारने हा धंदा ताब्यात घेतला. 245 निरनिराळ्या विमा संस्था एकत्र करून त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळात उरले नव्हते.

ते का उरले नव्हते, हेच आजच्या व्याख्यानाचे खरे प्रयोजन होय. मुंबई महाराष्ट्रास न देता केंद्राच्या अमलाखाली ठेवावी, असा निर्णय जानेवारी 1956 मध्ये जाहीर झाला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, आणि गोळीबारांत कित्येक माणसे मृत्युमुखी पडली. महाड-पोलादपूरच्या कुटुंबांस हा प्रश्न केवळ अभिमानाचा नव्हता. येथील डोंगरउतारावरच्या शेतीत वर्षाचे धान्य पिकत नसे. घरातील कर्ता पुरुष गिरणीत वा कचेरीत मुंबईस, आणि बायकामुले गावी, अशी तेव्हा येथील संसाराची रीत होती. पोस्टाची मनिऑर्डर हाच पुष्कळ घरांचा आधार होता. मुंबई वेगळी काढणे म्हणजे एकाच घराची चूल एका राज्यात आणि मिळकत दुसऱ्या राज्यात ठेवणे होते.

चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. तो जुलैत अमलात आला, आणि लोकसभेत निवेदन करून त्यांनी आपली कारणे सांगितली. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. मराठी माणसाच्या भावनेइतकाच राज्यकारभाराच्या शिस्तीचाही हा प्रश्न त्यांनी मानला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांच्यावर दोन बाजूंनी टीका झाली. दुसरी योजना नुकतीच सुरू झाली असता अर्थमंत्र्याने प्रांताच्या प्रश्नावरून जावे काय, असे काहींनी विचारले. इतके महिने ते खुर्चीवर का बसले, असे दुसऱ्यांनी विचारले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तथापि हातचे अर्थसंकल्पाचे व कायद्यांचे काम पुरे करून, कारणे सभागृहापुढे मांडून, कोणताही मोबदला न मागता पद सोडणे, यास आमच्या मते घाईच्या राजीनाम्याहून अधिक धैर्य लागते. त्या राजीनाम्याने मुंबई लगेच मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये द्वैभाषिक राज्य आले, आणि महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी झाला. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. 1969 साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उभे राहून ते पराभूत झाले. 1975 साली त्यांस पद्मविभूषण मिळाले, आणि 2 ऑक्टोबर 1982 रोजी ते निवर्तले.

ज्ञातीने त्यांच्यापासून काय घ्यावे? त्यांनी ज्ञातीसाठी वेगळे असे काही केल्याचे आम्ही सांगू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही योग्य नव्हे. 1927 साली महाडच्या सत्याग्रहात सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे आपल्याच भोवतालच्या लोकांचा रोष पत्करून डॉ. आंबेडकरांबरोबर उभे राहिले. त्यांनीही ज्ञातीचा लाभ पाहिला नाही. ज्यांचा आपण अभिमान बाळगतो ती माणसे ज्ञातीच्या कुंपणाबाहेर जाऊनच मोठी झाली, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. नात्याच्या या सुपुत्राची तसबीर भिंतीवर लावावी. परंतु जो कोणी आपले मत मागावयास येईल, मग तो आपल्या ज्ञातीचा असो वा नसो, त्यास दोन प्रश्न विचारावेत : सभागृहात आपण कोणता कायदा केला, आणि कोणत्या गोष्टीसाठी आपण खुर्ची सोडाल? उत्तर ऐकून मग मत द्यावे.