मोगलाईतली वर्तमानपत्रे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





वर्तमानपत्र या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा ‘वाचनाचे फायदे’ सांगून मोकळे व्हावे असा सोपा मार्ग समोर होता. परंतु ते फायदे आपण दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी टाळ्या वाजवून घरी जातो. म्हणून आज मी आपल्याच मुलखातल्या, म्हणजे मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांची हकीकत सांगणार आहे. ही हकीकत आपल्या समाजाच्या फार जवळची आहे आणि तिचा काही भाग आपल्या घरांत अजूनही हळू आवाजात बोलला जातो.

आरंभी एक गंमत. मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज वापरले जाणारे शब्द घ्या. कागद, शाई, कलम, तारीख, मजकूर, जाहिरात, आणि शेवटी वाचून झाल्यावर रद्दी. हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले. ‘शाई’ म्हणजे आपली सियाही, ‘जाहिरात’ जाहीर या शब्दातून निघाली आणि ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा जिक्र झाला ते. छापखाना या देशात येण्यापूर्वीही बातमी लिहून पाठविणारे लोक होतेच. मोगल दरबारचे ‘अखबारात’ म्हणजे हाताने लिहिलेली बातमीपत्रेच होती आणि दख्खनच्या मोहिमांच्या काळात अशी पत्रे आपल्याच भागातून लिहिली गेली. तेव्हा मराठी वर्तमानपत्र आपले नव्हे, असे जो आपल्या मुलाला सांगतो त्याने आधी त्यातले शब्द तपासावेत.

आता मूळ विषयाकडे येतो. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी काढले. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघाले, ‘केसरी’ १८८१ मध्ये. इंग्रजी मुलखात लहानमोठ्या गावांतून साप्ताहिके निघत होती, बंद पडत होती, पुन्हा निघत होती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे मात्र निझामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी, चलनसुद्धा वेगळे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘हाली सिक्का’ हा शब्द असे तो त्या चलनाचाच. वर्तमानपत्र काढायचे तर सरकारची परवानगी हवी आणि ती सहजासहजी मिळत नसे. बाहेरच्या पत्रांनाही सरकार मनात येईल तेव्हा प्रवेशबंदी करी.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कामात फारसीच्या जागी उर्दू आली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे निघाले. हिंदुस्थानी भाषेतून विद्यापीठाचे सर्व शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु त्याच वेळी या पाच जिल्ह्यांतला बहुसंख्य शेतकरी मराठी बोलत होता. त्याच्या जमिनीचा कागद, त्याचा खटला, त्याच्या गावची तक्रार हे सारे त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत चाले. आणि आपल्यातला सामान्य मुसलमान तरी काय वाचत होता? मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी घरात दखनी बोलत, बाजारात मराठी बोलत, आणि बहुतेकांना कोणतीच लिपी येत नसे. राजाची भाषा ती आपली भाषा, हा अभिमान फुकटचा होता. त्या भाषेतली अर्जी लिहायलाही त्यांना मुन्शीकडेच जावे लागे.

हैदराबाद शहरात उर्दू वर्तमानपत्रे पुष्कळ निघाली. त्यांची छपाई शिळेवर होत असे. कातिब बोरूने खास शाईत कागदावर सुबक नस्तालिक लिही, तो मजकूर दगडावर उतरवीत आणि त्यावरून प्रती काढीत. एका पानाला एका माणसाचा दिवसदिवस लागे, पण खिळ्यांची पेटी विकत घ्यावी लागत नसे. मराठी छापखान्याला मात्र जोडाक्षरांसकट शेकडो खिळे लागत आणि ते जुळविणारे हात लागत. अलीकडे, १९९० नंतरच्या दशकात, संगणक आला आणि कातिबांचा धंदा पाहता पाहता बसला. आपल्या नात्यागोत्यात एखादा जुना कातिब असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याचे अक्षर पाहण्यासारखे असते.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हैदराबादचे ‘मुशीर-ए-दक्कन’ हे जुने उर्दू दैनिक चालविणारे किशनराव होते. ‘रय्यत’ हे उर्दू पत्र चालविणारे मंदुमुल नरसिंगराव होते. उर्दू ही एकट्या मुसलमानांची मिरास नव्हती. आणि मराठी ही एकट्या हिंदूंची नाही, याचे आज इथे मराठीत भाषण ऐकत बसलेले आपण सगळे साक्षीदार आहोत.

हैदराबादेतच १९२० साली लक्ष्मणराव फाटक यांनी ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक काढले. सरकारला सांभाळून, जपून जपून ते चाले. नावातच ‘निजाम’ आहे यावरून काय ते समजावे. काही लोक त्याला नावे ठेवतात. मला ते योग्य वाटत नाही. ज्या राज्यात तोंड उघडण्याची सोय नाही तिथे कुजबुजीलाही किंमत असते. मोकळे बोलायचे तर सरहद्दीपलीकडे जावे लागे, आणि आनंद कृष्ण वाघमारे यांनी तेच केले. १० फेब्रुवारी १९३८ रोजी त्यांनी पुण्यातून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. ज्या प्रदेशाचे नाव पत्रावर, त्या प्रदेशात ते छापता येत नाही, असा हा प्रकार! निझाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि पत्र पुन्हा आत पाठविले. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. वर्षानुवर्षे हा पाठशिवणीचा खेळ चालला. बंदी नावावर असते, मजकुरावर घालता येत नाही, हे त्या गृहस्थांनी सरकारच्या चांगले ध्यानात आणून दिले.

आता ज्या माणसाविषयी बोलण्यासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. त्यांचे नाव शोएबुल्ला खान. वरंगळकडचा हा तरुण उस्मानियाचा पदवीधर. पदवी हातात असताना त्या काळी सरकारी नोकरी कठीण नव्हती, पण ते वर्तमानपत्राच्या धंद्यात शिरले. ‘रय्यत’ पत्र सरकारने बंद पाडल्यावर त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये स्वतःचे ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक काढले. ‘इमरोज’ म्हणजे ‘आज’. त्या दिवसांत रझाकारांचा जोर होता आणि त्यांचे पुढारी कासिम रझवी हे आपल्या लातुरात वकिली केलेले. शोएबुल्ला खान उर्दूत, मुसलमान वाचकांसाठी, रोज लिहीत होते की ही दांडगाई राज्याला आणि मुसलमानांनाही बुडवील, हैदराबादने भारतात सामील व्हावे. धमक्या आल्या, तरी लिखाण थांबले नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि लिहिता हात तोडण्यात आला. सोबत असलेला त्यांचा मेहुणाही जखमी झाला. त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

आज माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी किती जणांनी हे नाव यापूर्वी ऐकले होते? मी आमच्या दहावीच्या वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. कासिम रझवींचे नाव मात्र सर्वांना ठाऊक होते. आपल्यावर कोणी रझाकारांचा ठपका ठेवला की आपल्याला राग येतो, आणि तो यावा. पण त्या रागाच्या वेळी उत्तर म्हणून सांगावे असे हे नाव आपणच घराबाहेर ठेवले आहे.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निझामाचे राज्य संपले. हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि आपल्या शाळेतही झेंडावंदन होते. ते व्हायलाच हवे. रझाकारांनी गावेच्या गावे जाळली, लुटली, माणसे मारली, त्यातून लोक सुटले. परंतु त्या दिवसांनंतर आपल्या वस्त्यांवर काय गुदरले, हेही आपल्या घरांत ठाऊक आहे. म्हातारी माणसे त्याविषयी बोलत नाहीत, ‘ॲक्शन के टाइम’ एवढेच म्हणून गप्प होतात.

तेव्हा भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती हैदराबादेत पाठविली. तिचे एक सदस्य होते काझी अब्दुल गफ्फार, म्हणजे हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संस्थापक-संपादक. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९४८ मध्ये ही मंडळी गावोगाव हिंडली. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त हानी झालेले जिल्हे त्यांनी चार सांगितले : उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव), नांदेड, गुलबर्गा आणि बिदर. रझाकारांच्या अत्याचारांचीही त्यांनी नोंद केली. आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचविण्यासाठी जिवावर उदार झालेल्या हिंदूंचीही नोंद केली. एका कसलेल्या संपादकाचा हात लागलेला हा मजकूर, पण तो छापला गेला नाही. सरकारने अहवाल दाबून ठेवला. अभ्यासकांच्या पुस्तकांतून त्याचे भाग अधूनमधून येत राहिले आणि २०१३ साली दिल्लीच्या त्यावेळच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना खुला झाला. मध्ये पासष्ट वर्षे गेली. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला त्यांतले बहुतेक तोवर अल्लाला प्यारे झाले होते.

मी हे जखमा उकरण्यासाठी सांगत नाही. जी गोष्ट तारीख-वार लिहून छापली जाते तिच्याशी वाद घालता येतो, चूक असेल तर दुरुस्त करता येते. जी फक्त कुजबुजत राहते तिच्यात दरवर्षी भर पडते आणि ती पुढच्या पिढीला भीती किंवा सूड यांपैकी एक काहीतरी देऊन जाते. उमरग्यात, लातुरात, नांदेडात त्या महिन्यांत आपले म्हणावे असे एखादे चार पानी मराठी किंवा उर्दू पत्र असते, आणि त्यात रझाकारांनी जाळलेली घरे व नंतर जळालेली घरे सारख्याच टाइपात छापली गेली असती, तर दोन्ही समाजांना एकमेकांचे दुःख वाचता आले असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. हैदराबादेत १५ ऑगस्ट १९४९ रोजी आबिद अली खान आणि महबूब हुसेन जिगर यांनी ‘सियासत’ काढले. हादरून गेलेल्या समाजाला त्याने लिहिण्या-वाचण्याकडे वळविले, आणि ते आजही चालू आहे. ‘मराठवाडा’ पत्र औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९६८ साली दैनिक झाले. अनंत भालेरावांच्या हाताखाली त्याला मोठे नाव मिळाले. पुढे तेही बंद पडले. औरंगाबादेतून उर्दूत ‘औरंगाबाद टाइम्स’ निघाले, नांदेडहून ‘प्रजावाणी’, लातूरहून ‘एकमत’. १९८२ मध्ये ‘लोकमत’ औरंगाबादेत आले आणि मोठ्या भांडवलाचा जमाना सुरू झाला. आता प्रत्येक तालुक्याला वार्ताहर आहे, जिल्ह्याची वेगळी पाने आहेत.

त्या पानांवर आपण कुठे दिसतो? ईदच्या दिवशी गळाभेटीचे छायाचित्र, आणि एरवी काही भानगड झाली तर. आपण त्याबद्दल चौकात बसून तक्रार करतो, मोबाईलवर संताप पुढे ढकलतो. पण वार्ताहराकडे आपण काय पाठवितो? गेल्या वर्षी आपल्या वस्तीतील एका मुलीने परिचारिका परीक्षेत चांगले यश मिळविले. चार दिवस मिठाई वाटली गेली, मात्र दहा ओळींची बातमी लिहून देणारा एकही माणूस घरात निघाला नाही. अर्धी वस्ती पदवीधर असूनही! वार्ताहर हा एकटा माणूस असतो, त्याला रोज पान भरायचे असते. नाव, गाव, तारीख बरोबर लिहून शुद्ध मराठीत मजकूर हाती दिला तर तो आनंदाने छापतो, असा माझा अनुभव आहे. नळाला आठ दिवस पाणी नाही हे ‘वाचकांची पत्रे’ या सदरात लिहायला कोणाची ओळख लागत नाही. आमच्या नववीच्या मुलांनी वस्तीतल्या उघड्या गटाराविषयी असे पत्र लिहिले, खाली सर्वांनी सह्या केल्या, आणि ते छापून आले. गटार झाकले गेले की नाही ते विचारू नका, अजून पाठपुरावा चालू आहे.

पालकांना शेवटी एक कामाची विनंती. आपल्या मुलांपैकी पुष्कळांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्या येतात. हैदराबाद राज्यातले जुने उर्दू अखबार मराठवाड्याच्या इतिहासासाठी फार मोलाचे आहेत, पण मराठीत संशोधन करणाऱ्या कित्येकांना ते वाचता येत नाहीत. आपल्या घरांत माळ्यावर, जुन्या पेटीत, किताबांच्या जुजदानात असे अंक, कात्रणे, कातिबाच्या हातचे कागद पडलेले असतील. ते रद्दीत देऊ नका. दुमडलेले असतील तर जोर करून उलगडू नका, घडीवरच फाटतात. सुती कापडात कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह बांधून शाळेत आणून द्या, नाहीतर आम्हाला घरी बोलवा. आमची दहावीची मुले प्रत्येक अंकाचे नाव, तारीख आणि मुख्य मजकूर मराठीत वहीत उतरवून घेतील आणि आपला कागद आपल्याला परत करतील. वही शाळेच्या वाचनालयात राहील. या कामासाठी दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात बसत जाईन.