ओहोटीच्या डबक्यांतील जीवसृष्टी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणातील वृद्ध कोळी भरतीची वेळ सांगताना घड्याळाआधी तिथी पाहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, असा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. द्वितीयेला भरती सुमारे दीड वाजता; तिच्या आधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेला व अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. म्हणजे नेमकी शाळा भरते तेव्हा! किनाऱ्यावरील मुलांनी समुद्र रोज पाहिलेला असतो, पण ओहोटीने उघडा पडलेला कातळ क्वचितच, याचे एक कारण हेच. अष्टमीला ओहोटी भर दुपारी लाभते, परंतु ती भांगाची. पाणी फारसे हटत नाही. सहल काढावयाची ती उधाणाची, प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत. मग त्या दिवशी रविवार असो वा नसो.

पाणी हटल्यावर कातळाच्या खळग्यांत जी डबकी उरतात, त्यांतील अपृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवन सोपे नसते. उन्हाने पाणी तापते व अधिक खारट होते. पावसाळ्यात तेच काही तासांत जवळजवळ गोडे होते. बार्नेकल आपले कवच घट्ट मिटून घेते. ते शिंपल्यासारखे दिसले तरी खेकड्याचे नातलग आहे. डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटते आणि पायांनी पाण्यातील अन्नकण ओढते. समुद्रपुष्प हे फूल नव्हे, प्राणी आहे; पाणी ओसरताच ते आपल्या दंशक शुंडिका आत ओढून मांसल गोळ्यासारखे बसते. रिकाम्या शंखात राहणारा खेकडा वाढला की मोठे घर शोधतो. म्हणून मुलांनी पिशवीत भरलेला रिकामा शंखही वाया गेलेली वस्तू नव्हे, हे त्यांना सांगावे लागते.

खरी वस्ती दगडांखाली असते: भंगुर तारे, लहान खेकडे, स्पंज, गोगलगायींच्या अंड्यांचे पुंजके. दगड उलटा करून तसाच टाकला, तर खालचे जीव उन्हात वाळतात आणि वरचे शेवाळ अंधारात कुजते. एका वर्गातील चाळीस मुलांनी प्रत्येकी पाच दगड उलटे टाकले, तर एका सकाळीच दोनशे घरे मोडतात. दगड हळूच उचलावा, पाहावा व होता तसाच ठेवावा. शंकूच्या आकाराच्या शंखाला मात्र हात लावू नये; त्यातील गोगलगाय विषारी दंश करते.

याच कातळावर गावातील स्त्रिया कोयतीने कालवे काढतात. त्यांचा हक्क सहलीपेक्षा जुना आहे, आणि कोणत्या खडकावर काय असते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. पंचायतीने सहलीसोबत अशा एखाद्या बाईंना मानधन देऊन पाठविल्यास शिक्षकाचे काम अर्धे होईल. मालवण येथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथे जाताना वन विभागाला आधी कळवावे.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर कातळावर उतरावे, आणि पाणी वळताच मुले मोजून बाहेर काढावीत.