जंगल दिल्लीचे, मुंबईचे की गावाचे?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळघाटातील कामाबद्दल बोला, असे मला सांगण्यात आले आहे. किती शिबिरे झाली, किती मुलांना वह्या-पुस्तके मिळाली, हे सगळे अहवालात छापलेले आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवत नाही. आज मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवते, कारण आमच्या बहुतेक कामाच्या मुळाशी तो येतो. तो प्रश्न असा: मेळघाटचे जंगल कुणाचे?

आपल्यापैकी पुष्कळ जण अकोला, अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव या भागातून आलेले आहेत. आपल्याला वाटेल, जंगल कुणाचे का असेना, आम्ही कपाशी-तुरीची माणसे, आमचा त्याच्याशी काय संबंध? पण खारपाणपट्ट्यातल्या बायांना विचारा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यांच्या गावात नळाला जे गोड पाणी येते, ते वान आणि शहानूर धरणांतून येते, आणि या दोन्ही नद्या मेळघाटच्या डोंगरातून उतरतात. म्हणून डोंगरावर काय चालले आहे, हे खाली राहणाऱ्यांनाही माहीत असले पाहिजे.

आता मालकीचा इतिहास पाहू. कोरकू लोक या डोंगरात कधीपासून राहतात, याची नोंद कुठल्या दफ्तरात नाही. मालकांची नोंद मात्र आहे. वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचे होते. 1853 साली कराराने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. मालकी कागदोपत्री निजामाची, सत्ता इंग्रज रेसिडेंटची. 1886 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडासाठी वेगळा जंगल कायदा केला. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाले, आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर 1956 साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. शंभर-सव्वाशे वर्षांत इतके मालक बदलले. दर वेळी दोन दरबारांत बोलणी झाली, सह्या झाल्या. त्या डोंगरात राहणाऱ्याला एकदाही कुणी विचारले नाही.

आज काय स्थिती आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची आहे. जी जमीन दुसऱ्या कुणाच्या मालकीची नाही ती राज्य सरकारची, असे ती सांगते. म्हणजे जमिनीचा मालक महाराष्ट्र शासन. घटनेतही सुरुवातीला जंगल हा विषय राज्यांच्याच यादीत होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात. लगेच 1980 साली वन संवर्धन कायदा आला. तेव्हापासून राज्याला आपल्याच मालकीची वनजमीन रस्त्याला, धरणाला किंवा खाणीला द्यायची असली, तरी आधी दिल्लीची परवानगी लागते. त्यात मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. म्हणून इथे केंद्राचा शब्द आणखी वजनदार आहे.

ही ओढाताण आपण आपल्याच रेल्वेच्या बाबतीत पाहिली आहे. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी मेळघाटातून जात असे. ती लाईन रुंद करताना जुन्याच मार्गाने, व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की जंगलाबाहेरून, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. रेल्वे केंद्राची. 2020 साली राज्याचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून जंगलातून लाईन नेण्यास विरोध केला. शेवटी हिवरखेडकडून वळसा घेणारा मार्ग ठरला. दोन्ही सरकारांनी आपापली बाजू मांडली. लाईनीच्या बाजूच्या वाड्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच दिसले.

हा वाद फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत देशाची सुमारे 28 टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. नेवाडा राज्यात तर जवळजवळ 80 टक्के. युटा राज्याने 2024 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की आमच्या हद्दीतली 1 कोटी 85 लाख एकर जमीन केंद्राने विनाकारण धरून ठेवली आहे. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने तो अर्ज ऐकण्यास नकार दिला. राज्यवाले म्हणतात, जवळ राहणाऱ्याला जमिनीची जास्त काळजी. केंद्रवाले म्हणतात, राज्याच्या हाती गेली की ती विकली जाईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याच भूमीवर युट, पायूट, नवाहो हे आदिवासी या दोन्ही सरकारांच्या आधीपासून राहत होते. कोर्टातला सामना मात्र दोन सरकारांतच होता.

धारणी तालुक्यातल्या एका गावात हा केंद्र-राज्याचा फरक मी समजावून सांगत होते. एक म्हातारे कोरकू बाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, दिल्ली म्हना का मुंबई म्हना, आमच्या घरी त नाकेदारच येते." त्यांच्या एका वाक्यात सगळा विषय आला. वर मालक कोण, याने त्यांच्या दिवसात काही बदल होत नाही. मोह वेचता येतो का, गुरे चारता येतात का, घरासाठी बांबू तोडला तर केस होते का, यानेच बदल होतो.

या दोघांच्या भांडणात तिसरा वाटेकरी आहे, हे आपल्या देशाच्या कायद्याने मान्य केले आहे. तो कायदा म्हणजे 2006 चा वनहक्क कायदा. तो संसदेने केला, म्हणजे केंद्राचा आहे. अंमलबजावणी राज्याकडे आहे. आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सामूहिक वनहक्क. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल वापरले आणि राखले, ते राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावाला मिळतो. मालकीची पाटी शासनाची राहते, पण तिथे काय करायचे, हे ठरवताना गावाचा शब्द लागतो.

कुणी म्हणेल, गावाच्या हाती दिले तर जंगल उरेल का? ही भीती खोटी नाही. तिचे उत्तर आपल्याला परतवाड्याजवळ पायविहीर गावात पाहता येते. 2012 साली या गावाला सुमारे 190 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिळाले तेव्हा ते उजाड होते. 'खोज' या संस्थेच्या सोबतीने गावाने झाडे लावली, पाणी अडवले, चराईला शिस्त लावली, राखणीच्या पाळ्या ठरवल्या. आज तिथली सीताफळे बाजारात जातात. 2014 साली या कामासाठी गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये हा हक्क मिळवला, आणि 2011 साली आपला बांबू वाहून नेण्याचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही मिळवला. माणसाला जे आपले वाटते ते तो राखतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता दुसरी बाजू, जी अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर आहे. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली अनेक गावे तिथे वसवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही आधीची. नंतर अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. 2008 पासून कुटुंबामागे 10 लाख रुपयांची योजना होती, 2021 मध्ये ती 15 लाख झाली. काही कुटुंबे स्वखुशीने उतरली, हेही मी सांगितले पाहिजे. शाळा, दवाखाना, रस्ता कुणाला नको असतो? पण जानेवारी 2019 मध्ये यातली बरीच कुटुंबे आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून आपल्या जुन्या गावांकडे परत गेली, संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जंगलात पैसा कमी लागतो. भाजी, सरपण, मोह, डिंक हे सगळे हाताने आणता येते. खाली प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागते. दहा लाख ऐकायला मोठे वाटतात, पण कसायला जमीन नसेल तर ते टिकत नाहीत.

इथे मला 1 राजे, अध्याय 21 मधला नाबोथ आठवतो. आपण ती गोष्ट वाचताना शेवटच्या अन्यायावर थांबतो, पण तिची सुरुवात लक्षात घ्या. अहाब राजा पहिल्या दिवशी जबरदस्ती करत नाही. तो म्हणतो, या मळ्याऐवजी चांगला मळा घे, नाहीतर पैसे घे. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने पॅकेज दिले. नाबोथाने ते नाकारले, कारण तो वाडवडिलांचा वाटा होता. नाबोथ 'नाही' म्हणू शकला. पण राजवाड्यात त्या 'नाही'ला किंमत नव्हती, आणि तिथून पुढचे पाप सुरू झाले. आपला कायदा आज सांगतो की व्याघ्र क्षेत्रातून गाव हलवायचे तर आधी त्याचे वनहक्क निश्चित झाले पाहिजेत, आणि लोकांची माहितीपूर्वक संमती असली पाहिजे. म्हणजे 'नाही'ला किंमत असली पाहिजे. ज्याच्या हाती हक्काचा कागद नाही, जो निरक्षर आहे आणि ज्याला नोटीस मराठीत येते पण जो घरी कोरकू बोलतो, त्याच्या संमतीला काय अर्थ राहतो, हे आपण स्वतःला विचारावे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. म्हणजे फेटाळलेल्या दाव्यावर आजही टांगती तलवार आहे. 2009 मध्ये केंद्राने सांगितले होते की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या. 2022 च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहायची, असा क्रम केला. दिल्लीने जबाबदारी मुंबईकडे दिली, असे हे दिसते. पण या देवाणघेवाणीत ग्रामसभा पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर गेली. ज्याचा निर्णय आधीच झाला आहे, त्यावर शेवटी विचारून काय उपयोग?

मग आपण काय करू शकतो? मोठमोठ्या गोष्टी मी सांगत नाही. आपल्या मंडळींत निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी होते, कोर्टात काम केलेले आहेत. दावा फेटाळला तर त्याचे कारण लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर साठ दिवसांत अपील करता येते. 2020 साली राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोयही झाली. हे साठ दिवस कागद न वाचल्यामुळे निघून जातात. तो कागद वाचून सांगणारा एक माणूस पुष्कळ करू शकतो. पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. तो नीट लिहून घेणारा हात हवा आहे. आम्हाला रोख देणगी हवीच असते, ती मी नाकारत नाही. पण महिन्यातून दोन दिवस देणारा, मोजणीचा नकाशा समजणारा माणूस आज आम्हाला जास्त हवा आहे.

दुसरे, अकोट-तेल्हाऱ्याच्या मंडळींसाठी. पुनर्वसित गावांतली माणसे आता तुमचे शेजारी आहेत. ती तुमच्या शेतात मजुरीला येतात. त्यांना 'जंगलातून आलेले' म्हणून बाजूला ठेवू नका. त्यांच्या मुलांना शाळेत बसायला जागा आणि वडिलांना रास्त मजुरी मिळते का, एवढे पाहा.

आणि तिसरे, जाऊ तिथे त्यांच्या वतीने बोलण्याची घाई करू नका. ग्रामसभा त्यांची आहे. आपण कागद वाचावा, अर्थ सांगावा आणि मागच्या ओळीत बसावे. हो म्हणायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.

दिल्ली आणि मुंबई यांचा वाद पुढेही चालेल. तो कायद्याने चालावा, आणि जंगल टिकावे म्हणून दोघांचीही गरज आहे. आपल्याला मात्र एवढे पाहायचे आहे, की पुढच्या वेळी मेळघाटचा कागद टेबलावर येईल, तेव्हा त्या कोरकू बाबांची सही किंवा अंगठा त्यावर असेल, आणि तो त्यांनी समजून-उमजून दिलेला असेल.

 ज्यांना दोन दिवस द्यायचे आहेत, त्यांनी सभेनंतर बाहेरच्या टेबलावरील वहीत नाव लिहून जावे. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.