गाडीच्या पोटातली वही

गाडीवान पेंगला तरी बैल घरची वाट चुकत नाही. पण धनी कुठे गेला, किती वेळ थांबला, हे काही तो चावडीवर सांगत नाही! इंटरनेटला जोडलेल्या नव्या मोटारीचे तसे नाही. वाट, वेग, करकचून दाबलेला ब्रेक, सारे टिपून ती कंपनीकडे धाडू शकते.

अमेरिकेत काय झाले पहा. जनरल मोटर्स ही कंपनी गाड्यांचा ठावठिकाणा दर तीन सेकंदांनीसुद्धा टिपून घेते आणि मालकाच्या खऱ्या संमतीवाचून विकते, असा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. त्या माहितीवरून विम्याचे दर ठरत. कुणाला विमा नाकारलाही जाई. अखेर पत-अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना अशी माहिती देण्यास पाच वर्षे मनाई झाली.

आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्याचा पायाही संमती हाच आहे. म्हणून गुरुजी, गावात अशी गाडी आली तर पडद्यावर ‘मान्य’ दाबण्याआधी मजकूर मालकाला वाचून दाखवा. जुनी विकताना तिच्यातले फोन नंबर आणि घरचा पत्ता पुसायला सांगा. न वाचता उमटवलेल्या अंगठ्याने पूर्वी जमिनी गेल्या, मंडळी. आता घरची गोष्ट जाईल.