तेल न शोषणारा कागद



येथे येताना फाटकापाशी भज्यांची गाडी दिसली. भजी अजून वर्तमानपत्रातच बांधून मिळतात. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून २०१८ च्या सरकारी नियमांनी ही चाल बंद केली आहे. गाडीवाल्याला त्याची वार्ता नसावी. उद्या कोणी त्याला सांगेल, ‘बाबा, चांगला, तेल न शोषणारा कागद घे.’ आम्हांस आज बोलायचे आहे ते या ‘चांगल्या’ कागदाविषयी.

कागदगिरण्यांतील कामगारांत आम्ही पंचवीस वर्षे काम करीत आहो. शाळा सातवीला सुटली. रसायनशास्त्र जे काही कळले ते पिंपांवरची अक्षरे लावून. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. तेल त्यातून झिरपते. ते थोपवण्याची जुनी रीत अशी, की लगदा पुष्कळ वेळ कुटायचा. तंतू फुगतात, चेचले जातात, एकमेकांना बिलगतात आणि मधली छिद्रे बुजतात. पण याला वीज फार लागते, आणि असल्या लगद्यातले पाणी यंत्राच्या जाळीवर लवकर निथळत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सोपी तोड निघाली : फ्लोरिनयुक्त रसायन थोडेसे घाला, मग साधा कागदही तेलाला दाद देत नाही. मात्र कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ अशी पक्की, की निसर्गात ती सहसा सुटत नाही. कागद उकिरड्यावर कुजून जातो, रसायन मागे उरते; पाण्यात जाते, तेथून रक्तात येते. या कुळातील पीएफओए नावाच्या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२३ साली माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात घातले.

आता आमचीच चूक सांगतो. एका गिरणीत असल्या रसायनाची पिंपे येत. पिंप उपसणाऱ्याच्या हातावर ते रोज उडे. आम्ही तगादा लावला, आणि दोन महिन्यांत नवी पिंपे आली. आम्ही करारावर सही केली, दरवाजावर पेढे वाटले. पुढे कागदपत्रे वाचली तेव्हा कळले, की आठ कार्बनांची साखळी जाऊन सहांची आली होती. थोरल्याच्या जागी धाकटा भाऊ!

अमेरिकेतही हेच घडले होते. थोरल्याला तेथे २०१६ साली बंदी झाली. धाकटाही शरीरात रेंगाळतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसल्यावर कारखानदारांनी २०२० साली तो हळूहळू काढून घेण्याचे कबूल केले, आणि असल्या कागदी वेष्टनांसाठी ही द्रव्ये विकली जात नाहीत, असे सरकारी खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. मधल्या काळात लोकांनी ‘पर्याय’ म्हणून तेच खाल्ले.

डेन्मार्कमधील ग्राहकांच्या सहकारी भांडारांनी मात्र २०१५ साली निराळा मार्ग धरला. मक्याच्या लाह्यांच्या पिशव्यांत हे द्रव्य होते. भांडारांनी लाह्या विकणेच थांबवले. काही महिन्यांत फ्लोरिनविना कागदाची पिशवी बाजारात आली. जुलै २०२० पासून त्या देशात अन्नाच्या कागदात हे कुळच वर्ज्य आहे. सहकाराचा असा उपयोग आपल्या महाराष्ट्रात का होऊ नये, हे आम्हांस कळत नाही.

उलट आपल्याकडे काय आले ते पाहा. इटलीत व्हिचेंझाजवळ या कुळातील रसायने करणारा कारखाना होता. त्यापायी लाखो लोकांचे पाणी नासले. २०१८ साली त्याचे दिवाळे निघाले, २०२५ साली त्याच्या अकरा अधिकाऱ्यांना न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. त्याची यंत्रे विकली गेली आणि आली कोठे, तर रत्नागिरी जिल्ह्यात, लोट्याला.

त्या गिरणीत आता पुन्हा लगदा कुटून कागद काढून पाहात आहेत. कागद चांगला निघतो. भजी ठेवून आम्ही स्वतः पाहिला. पण यंत्र हळू चालते, दिवसाचे टन घटतात, आणि टनांवर बांधलेला कामगारांचा बोनसही घटतो. तेव्हा बोनसाचा हिशेब टनावर नको, पाळीवर धरा, अशी आमची मागणी आहे. मालक म्हणतात, मग जुनीच पिंपे बरी. येत्या सोमवारी पुन्हा बैठक आहे.