लहान मुले आणि संघकार्य

भाद्रपदाची पौर्णिमा झाली की माळव्यातील मुलींना संजेचे वेध लागतात. इंदूरच्या जुन्या वस्त्यांतून आजही कोठे कोठे हे दृश्य पाहावयास मिळते. सायंकाळी पाचसात मुली एका भिंतीपाशी जमतात. एक शेण आणते, दोघी फुलांच्या पाकळ्या निवडतात, जिचा हात स्थिर ती भिंतीवर शेणाच्या रेषा उठविते आणि सर्वांत धाकटी त्या रेषांवर पाकळ्या चिकटविते. चित्र पुरे झाले की गाणी होतात. हा क्रम सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालतो. शेवटच्या दिवशी ‘किलाकोट’ नावाचे मोठे चित्र निघते, आणि नंतर सगळी संजा पाण्यात सोडली जाते. पुढे आश्विनात मराठी घरांतून भोंडल्याचा फेर धरला जातो व खिरापत ओळखण्याची चढाओढ लागते. या मंडळांना घटना नसते, वर्गणी नसते, अध्यक्षही नसतो. तरी त्यांचे काम बिनबोभाट चालते.

आता याच मुली दुसऱ्या दिवशी शाळेत कशा बसतात ते पाहावे. गणित घातले की डावा हात वहीवर आडवा येतो. शेजारणीने उत्तर पाहू नये एवढ्यासाठी ती वही झाकली जाते. आदल्या सायंकाळी जिला हाताला धरून पाकळ्या चिकटवावयास शिकविले, तीच आज परकी होते. मूल एका रात्रीत स्वार्थी झाले काय? तसे नव्हे. संजेच्या भिंतीपाशी प्रत्येकीला निरनिराळे काम होते आणि चित्र मात्र एकच होते. वर्गात काम सर्वांना एकच असते आणि गुण मात्र प्रत्येकीचे निराळे. मुलांचा स्वभाव तोच असतो, कामाची मांडणी तेवढी बदललेली असते. प्राथमिक शाळेतील संघकार्याचा सारा विचार या मांडणीपासून सुरू झाला पाहिजे.

मुलांचे गट पाडले म्हणजे संघकार्य झाले, अशी समजूत पुष्कळ शाळांतून आढळते. पाच मुलांना मिळून ‘आपले शहर’ या विषयाचा तक्ता करावयास सांगितला जातो. जिचे अक्षर चांगले ती मुलगी सगळे लिहून काढते, दोघे डिंक आणि कात्री आणून देतात, एकजण सूचना करीत राहतो आणि पाचवा खिडकीबाहेर पाहतो. तक्ता भिंतीवर लागतो, पाचांचीही नावे खाली झळकतात. त्या पाचव्या मुलाने मात्र त्या दिवशी एक धडा मनाशी पक्का केलेला असतो : आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही. लहान वयात शिकलेला हा धडा पुसावयास फार कठीण.

हा दोष केवळ मुलांचाच नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मोजला व १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो, आणि आठजण एकत्र ओढू लागले की तो जवळजवळ निम्म्यावर येतो, असे त्याला दिसून आले. काही जोर ताल न जुळल्याने वाया जातो आणि काही, दुसरे ओढीतच आहेत या भरवशावर, लावलाच जात नाही. मोठ्यांची जेथे ही कथा, तेथे आठ वर्षांच्या मुलाला दोष कोणी द्यावा?

उपाय मात्र आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ साली गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात आणण्यात आले, तेव्हा वर्गावर्गांत तेढ माजली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी तेथे पाचवीच्या वर्गांत एक साधी युक्ती योजली. धड्याचे तुकडे पाडून गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यावयाचा. सबंध धडा कोणापाशीच नसल्याने ज्याला सगळे हसत त्याचेही बोलणे सर्वांना ऐकून घ्यावे लागे.

इंदूरच्या शिक्षकाला ही रीत उद्यादेखील वापरता येईल. अहिल्याबाई होळकरांचा धडा घ्यावा आणि त्याचे सहा भाग पाडावेत. चौंडी येथे १७२५ साली झालेला जन्म व बालपण. १७५४ साली खंडेरावांचा मृत्यू आणि मल्हाररावांच्या हाताखालचे शिक्षण. १७६७ साली हाती घेतलेला कारभार. महेश्वर आणि तेथील विणकर. काशीपासून दूरदूरच्या क्षेत्रांतील मंदिरे व घाट. आणि १७९५पर्यंतच्या उत्तर आयुष्यातील न्यायदान. प्रत्येक गटातील ज्यांच्याकडे महेश्वर आले असेल त्यांनी प्रथम एकत्र बसून आपला भाग नीट समजून घ्यावा आणि मग आपापल्या गटात जाऊन तो सांगावा. अबोल मुलाला अशी आधी तयारी करता आली म्हणजे सांगताना धीर येतो. आणि तो अडखळला तरी बाकीचे पाचजण त्याला हसत नाहीत, प्रश्न विचारून बोलते करतात. कारण त्याच्यावाचून त्यांचा धडा अपुरा राहतो.

सहा हा आकडा लहान मुलांना मानवतो असे दिसते. बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांसाठी कब पथके सुरू केली, तेव्हा त्यांची रचना सहासहांच्या तुकड्यांचीच ठेवली. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली. तिच्या कब आणि बुलबुल पथकांतही तीच रीत आहे. शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्याने प्राथमिक वर्गांत साधारणपणे तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरविले. तीस मुले म्हणजे सहासहांच्या पाच तुकड्या. वर्ग याहून मोठा असला तरी तुकडी मात्र मोठी करू नये, तुकड्यांची संख्या वाढवावी.

इंदूरला या कामाची परंपराही आहे. स्वातंत्र्यसैनिक वि. सी. सरवटे यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली येथे बाल निकेतन संघाची स्थापना केली आणि मध्य प्रदेशात मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षणाचा पाया घातला. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०११ साली त्यांचे निधन झाले. मॉन्टेसरी पद्धतीत निरनिराळ्या वयांची मुले एका दालनात वावरतात आणि प्रत्येक साधनाचा बहुधा एकच संच ठेवलेला असतो. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबणे आणि साधन पूर्ववत जागेवर ठेवणे मुलांना ओघानेच शिकावे लागते. सहकार्यावर व्याख्यान द्यावे लागत नाही.

शाळेतील मंडळांनाही हेच तत्त्व लागू आहे. परसबागेचे मंडळ असो, भित्तिपत्रकाचे असो, की साने गुरुजींच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या कथामालेच्या धर्तीवरील गोष्टींचे असो. काम असे असावे की ते खरोखरच अडावे. रोपांना पाणी घातले नाही तर ती सुकतात, हे मुलाला दिसते. नायक, लेखनिक आणि साहित्य सांभाळणारा ही कामे दर पंधरवड्याला फिरती ठेवावीत. नाहीतर हुशार मुलगा कायमचा नायक होतो आणि गरिबाचे मूल कायमचे झाडू हाती धरते. अशा मंडळापेक्षा मंडळ नसलेले बरे.

मंडळे झाली की स्पर्धा येतेच. लाल गट, निळा गट, ढाल आणि टाळ्या. यात उत्साह आहे, पण धोकाही आहे. मुझफर शेरिफ यांनी १९५४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात सुमारे अकरा वर्षांची बावीस मुले दोन गटांत ठेवली. सामने सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत एकमेकांची निशाणे जाळण्यापर्यंत मजल गेली. दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविले, खेळ दाखविले, तरी वैर गेले नाही. मग शिबिराचे पाणी बंद पडले आणि जेवण आणावयास निघालेली मोटार सुरू होईना, अशा अडचणी योजण्यात आल्या. रस्सीखेचीत जो दोर त्यांनी एकमेकांविरुद्ध ओढला होता, त्याच दोराने सर्वांनी मिळून ती मोटार ओढली. वैर हळूहळू ओसरले ते अशा कामांतून.

म्हणून गटागटांच्या चढाओढीबरोबर एखादे काम तरी असे असावे, जे कोणा एका गटाला जिंकताच येऊ नये. इंदूरकरांना याचा अनुभव आहे. हे शहर २०१७पासून सलग सात वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले आले, ते एका गल्लीच्या बळावर नव्हे. घराघरांतून ओला आणि सुका कचरा निराळा झाला म्हणून. शाळेचे आवार, पक्ष्यांसाठी उन्हाळ्यातील पाणी, वार्षिक मेळावा ही अशीच सर्वांची कामे होत.

यात शिक्षकाला कष्ट पडतात, हे लपविण्याचे कारण नाही. वर्गात गलका होतो, अभ्यासक्रम मागे रेंगाळतो, ‘मुलाला शाळेत बागकाम करावयास पाठवितो काय?’ असे विचारणारे पालक भेटतात. भांडणे तर होतातच. प्रत्येक भांडण शिक्षकाने मिटविले तर मुले भांडण मिटवावयास केव्हा शिकणार? मारामारी वा अपमान होत असेल तेथे त्याने तत्काळ मध्ये पडावे, एरवी थोडे थांबावे. आणि तास संपताना पाच मिनिटे काढून एवढेच विचारावे : आज कोणाची मदत झाली? कोण मागे राहिले? त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुले खरेपणाने देऊ लागली म्हणजे संघकार्य रुजले असे समजावे.

बाजारात आता कागदावर छापलेली तयार संजा मिळते. ती सुबक असते, भिंतीवर क्षणात लागते. पण तिला शेण आणणारी नको, फुले निवडणारी नको, आणि पाकळ्या चिकटविणारी धाकटी तर मुळीच नको. शाळेतील पुष्कळसे गटकार्य असेच तयार कागदासारखे झाले आहे. चित्र थोडे वाकडे आले तरी चालेल. परंतु त्यात सर्वांत धाकट्या हाताने लावलेली एक पाकळी असलीच पाहिजे.